आधी हंडे, मग पिंपं

रविवार, संध्याकाळ. चिखलोली.

खालच्या मजल्यावरच्या निलेशच्या थ्रॅश मेटल बँडचा अल्बम आला. ऐकणारच नव्हतो, तरी तीनदा ऐकला. टँकरच्या पाण्यावरचं गाणं भारी आहे, साला! कोरसमध्ये सगळे मिळून ओरडतात, "आधी हंडे, मग पिंपं!"

अरे, ही तर माझ्या आईची आरोळी! टँकर आला की रांग तीच लावते. आणि निलेशने ती सरळ उचलली. माझा बँड कधीपासून इंग्रजीत सिस्टमच्या नावाने बोंबलतोय, आईला एक ओळ कळलेली नाही. आज ती निलेशच्या कोरसबरोबर ओरडत होती. वर मला विचारते, "तुला का नाय सुचलं रे?"

कसं सुचणार? टँकर आला की मी खिडकी लावून घेतो. रेकॉर्डिंगमध्ये तिचा आवाज येतो म्हणून.