अर्ध्या मिनिटाची हळद

नागाव,
बुधवार, दुपारची भांडी झाल्यावर

चि. सौ. कोकिळा हिला थोरल्या जावेचे, म्हणजे गोदूचे, भरपूर आशीर्वाद. त्यातलेच भावोजींना, गणराजला, सूनबाईला आणि नातवंडांना वाटून दे. तुझा गुडघा कसा हाय? उरणला चौथ्या माळ्यावर राहायला निघालीस तेव्हाच मी म्हटलं होतं की आधी गुडघ्याला विचार. आम्ही सगळे ठीक. माझी तब्येत चांगली, जेवण चांगलं, आणि मला कुणाची आठवण वगैरे येत न्हाय. फोन सोडून कागद का, असं तू म्हणणार. फोनवर तू एका कानाने माझं ऐकतेस, दुसऱ्या कानाने नातवाचं, आणि मी रागवायला लागले की "वहिनी, आवाज तुटतोय" म्हणून ठेवून देतेस. कागद तुटत न्हाय. बस आणि पुरता वाच.

तर अमिषाची हळद झाली. (तू आली न्हायस, गुडघ्याचं निमित्त सांगितलंस, ते मी विसरले न्हाय.) हळदीच्या गाण्याला मला बोलावलं, मी गेले, नवी साडी नेसून गेले. तुला सांगायला नको, आपलं गाणं म्हणजे आधी गावदेवी, मग मांडवाचा खांब, मग आजा-आजी, काका-काकी, आत्या, आणि मग कुठे मामा-मामी. एकेकाचं नाव घेतल्याशिवाय हळद लागत न्हाय. मी तोंड उघडलं, गावदेवीला हाक घातली, तर तो व्हिडिओवाला विनेश हात वर करून म्हणतो, "काकी, थांबा थांबा! एवढं लांब कोण बघतं? शेवटचं ते चढं चढं हाय ना, तेवढंच घ्या. अर्धा मिनिट बास." मी म्हटलं, अरे मेल्या, अर्ध्या मिनिटात तर माझा खोकला होत न्हाय. पण नवरीच हात जोडायला लागली, मग काय करणार? शेवटचं चढं म्हणजे मामाचं कडवं. ते गायले. उजेड बरोबर पडला न्हाय म्हणून परत गायले. मागून कुत्रा गेला म्हणून आणखी एकदा.

आणि मागे ओळ झेलायला कुणी न्हाय! बाया होत्या, चांगल्या पंधरा-वीस होत्या, पण सगळ्यांच्या हातात फोन. मी डोळ्यांनी खुणावते, अगं ओळ उचला, तर आपली मृणाली (माझीच सून, दुसरी कोण!) ओठावर बोट ठेवून म्हणते, "आई, आम्ही बोललो तर आमचा आवाज येईल त्यात." ऐकलंस? हळदीच्या गाण्यात बायांचा आवाज यायला नको! मग मीच ओळ टाकली आणि मीच झेलली. एकटीने चेंडू फेकायचा आणि एकटीनेच धावत जाऊन आणायचा, तसं.

पुढची गंमत ऐक. विनेशने ते तिथल्या तिथे सगळ्यांना पाठवलं. नवरीचा काका कमलेश माझ्यापासून चार खुर्च्या सोडून बसलेला. मी गात होते तेव्हा त्याने मान वर केली न्हाय. तेच फोनवर आलं तेव्हा कानाला लावून ऐकलं आणि तरातरा आला. "गोदूवहिनी, मांडव आमचा, पोरगी आमची, आणि नाव मुरूडच्या मामाचं? आम्ही काय फक्त वडे खायला आलो?" मी म्हटलं, बाबा, तुझं नाव मामाच्या आधीच हाय, मला थांबवलं. तो म्हणतो, "ह्यात कुठे दिसतंय?" म्हणजे फोनात न्हाय ते जगात न्हाय. मग त्याचा राग जावा म्हणून मी सगळी नावं पहिल्यापासून घ्यायला लागले, तोवर डीजे सुरू झाला. मी शेवटी वड्यांच्या कढईपाशी उभी राहून गावदेवीपासून मामीपर्यंत सगळं पुरं केलं. अर्धवट सोडायचं न्हाय, एवढं मला कळतं. वडेवालीने ऐकलं की न्हाय, ठाऊक न्हाय. तेल फार चुरचुरत होतं. त्या अर्ध्या मिनिटाला मात्र फोनवर हजारो लोकांनी बदाम दिलेत म्हणे. देऊ देत. त्यातला एक तरी कढईपाशी यायला पाहिजे होता.

टीव्हीचं म्हणशील तर आमच्याकडे आता कुणी बघत न्हाय. आमचे हे फोनवर क्रिकेट बघतात. मृणाली मालिका सकाळीच फोनवर बघते, ती पण पुढे पळवत. रडणं आलं की पुढे, सासू आली की पुढे. मी म्हटलं, अगं मग राहतं काय, दारं आणि पडदे? आपल्या वेळी साडेआठला ओटीवर पाय ठेवायला जागा नसायची. मग एकेक घरी टीव्ही आला, एकेक बाई गेली, शेवटी तू आणि मी. सासू पडद्यावर आली रे आली की तू म्हणायचीस, "आली मेली!" आणि मी म्हणायचे, "येऊ दे, बघते तिला!" (तू तोंडात शेंगदाणे घेऊन बोलायचीस, ते मला कधी आवडलं न्हाय.) आता मी एकटी निवांत बघते. मध्ये कुणी बोलत न्हाय. फार छान वाटतं.

गुडघ्याला तेल लाव. कागद संपत आला, बाकी सगळं क्षेम.

तुझी थोरली जाऊ,
गोदू

ता. क. : काशीदच्या सुचिताची हळद पुढच्या महिन्यात हाय. विनेश म्हणतो, झेलायला माणूस नको, तुमचाच आवाज मशिनीतून मागे लावतो. मी त्याला सांगून ठेवलंय की माझी धाकटी जाऊ येतेय. तेव्हा तू येतेयस. खुर्चीवर बसून झेललंस तरी चालेल, गुडघ्याने कुठे गायचंय?

परत ता. क. : मालिकेत सध्या काय चाललंय ते मला विचारू नको. मला ठाऊक न्हाय. तू गेल्यापासून साडेआठला टीव्ही लावते आणि आवाज मोठा ठेवून भाकऱ्या थापते. घरात कुणी बोलतंय असं वाटतं.

आणखी एक, हे शेवटचं : हा कागद मिळेल त्या दिवशी साडेआठला तुझ्याकडे टीव्ही लाव आणि मला फोन कर. बोलायचं काही न्हाय, नुसता चालू ठेव. शेंगदाणे खाल्लेस तरी मी काही म्हणणार न्हाय. सासू आली की तू तुझं "आली मेली" तेवढं म्हण. पुढचं झेलायला मी हाय.