न विकलेली किडनी

३ जून २००३
उजव्या हाताचं मधलं बोट टरारून सुजलंय. टाइप करवत नाही. तहसीलबाहेरचं माझं टेबल आज बंद. घरी आल्यावर बायकोने, रत्नप्रभाने, लिंबाला भोक पाडून बोटात घातलं. 'नखुर्डं हाय, जाईल,' म्हणाली.

९ जून
तिसरं लिंबू. बोट तसंच.

१४ जून
शहापूरच्या डॉक्टरने बोट चिरलं. पू नाहीच, नुसतं रक्त — तासभर थांबेना. 'पूर्वी काही ऑपरेशन?' मी शर्ट वर केला. कुशीवरचा व्रण बघून त्याने मुंबईची चिठ्ठी दिली.

आमच्या शेणवे गावात या व्रणाची गोष्ट पोराटोरांना पाठ आहे — महेंद्रने किडनी विकली! शहाण्णव साली ती कॅन्सर म्हणून काढली. पण पोरीचं, स्नेहलचं, लग्न ठरलेलं. कॅन्सरवाल्याची पोर कोण करणार? म्हणून सगळ्यांना, रत्नप्रभालासुद्धा, मुतखडा सांगितला. मुतखड्यासाठी कुणी अख्खी किडनी काढतं का? लोकांना तेवढंच हवं होतं. बुधाजी, माझा सख्खा चुलत भाऊ, विहारात चारचौघांत म्हणाला, 'किडनी इकून जावई आनला यानं.' लग्नाला लावले ते एक एक अर्ज टाइप करून साठवलेले पैसे होते! सात वर्षं त्याच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. अफवा त्याचीच. दुसऱ्या कुणाची असणार?

२ जुलै
रिपोर्ट आला. किडनीचाच कॅन्सर. सात वर्षं दबा धरून बसला आणि निघाला कुठे — बोटाच्या टोकाला! मुंबईचे डॉक्टर म्हणाले, हा कुठेही निघतो, जिभेवर, डोक्याच्या कातडीतसुद्धा. छातीचा फोटोही चांगला नाही. बोट काढणार.

खरं सांगायचं तर पहिला विचार आला, हा कागद बुधाजीच्या तोंडावर मारीन. मरायला टेकलो तरी खुमखुमी जात नाही.

११ जुलै
बोट गेलं. डाव्या हाताने लिहितोय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

१३ जुलै
रत्नप्रभाला सगळं सांगितलं. रडली नाही. रिपोर्ट उलटाच धरून बघितला. मग म्हणाली, 'म्हंजे इकली नव्हती? मुतखड्याचं मना कंदी पटलंच नाय. बुधाजीभावजींना मीच सांगतलं होतं. पोरीसाठी बापानं पोट चिरलं म्हनून. मना अभिमान होता तुमचा.'

रिपोर्टची घडी घालत म्हणाली, 'स्नेहललापन तसंच सांगतलंय. आता काय सांगू तिला?'

म्हटलं, काही नको सांगू.