कारणाचा रकाना

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग शब्दशः घेऊ नकोस. मी एका अरुंद बाकावर बसले आहे आणि समोरची मोकळी फरशी जेमतेम दोन फूट रुंद आहे.) तुझा गुडघा आता किती अंशांपर्यंत वाकतो ते कळव. "बरा आहे" असं मोघम लिहू नकोस, मला आकडा हवा आहे. कारण शेवटी सांगते. आतोबांचा खोकला गेला असेल अशी आशा. माझं म्हणशील तर चार वाजता मॅडमच्या खोलीत जायचं आहे, आत्ता तीन वाजून दहा मिनिटं झाली आहेत आणि नाडी मिनिटाला एकशे आठ आहे. बाकी क्षेम.

सुट्टीत मी प्रयोगशाळेतली उपकरणं सांभाळणार आहे, असं तुला सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. शाळा संपवलेल्या मुलींना कॉलेज सुरू होण्याआधी सहा आठवडे इथे राहायला बोलावतात आणि त्यांची तयारी करून घेतात. आम्हा सहा पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी त्यात चार कामं असतात: गणित, लेखन, प्रयोगशाळा आणि "सोबती". सोबतीने मुलींच्या मजल्यावर राहायचं, त्यांच्याबरोबर जेवायचं आणि त्यांच्या मनातलं ऐकायचं. (मी यंत्रांची कंपनं मोजते. यंत्र कितीही बिघडलं तरी मोजणाऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवत नाही.) अर्जात लिहिलं होतं, पसंतीनुसार एक ते चार आकडे द्या. मी प्रयोगशाळेला चार दिला आणि सोबतीला एक. जास्त पसंती, मोठा आकडा. यात चूक कुठे आहे ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. पण एक म्हणजे पहिली पसंती असं बाकीच्या पाच जणांनी धरलं, आणि हे सगळं चालवणाऱ्या मॅडमनीही. "सोबतीचं काम स्वतःहून पहिलं मागणारी तुम्हीच," असं म्हणून त्यांनी माझा हात हातात घेतला. तो सोडवून घेण्यात इतका वेळ गेला की खुलासा राहून गेला.

मुली चौदा. मी दर दुसऱ्या वाक्याआधी "समजा" म्हणते, हे मला त्यांच्याकडून कळलं (समजा क्ष बरोबर पाच, यातलं समजा). दुसऱ्या दिवसापासून मी समजाताई झाले. त्या मला घाबरत होत्या असं मागाहून कळलं. मी त्यांना किती घाबरत होते ते त्यांना कळू नये म्हणून मी हातात कायम एक पॅड धरून फिरायचे, त्यामुळेच त्या घाबरत होत्या.

आता मुख्य प्रकरण. इथे एक पत्र्याची पेटी आहे. मुलींनी आपली भीती निनावी लिहून त्यात टाकायची. मुली यायच्या आदल्या दिवशी मॅडमनी आम्हा सहा जणांनाही सराव म्हणून एकेक चिठ्ठी टाकायला लावली. मी लिहिलं, "मला इथून जायचं आहे. सोमवारी, नाश्त्यानंतर." डाव्या हाताने लिहिलं, कारण निनावी म्हणजे निनावी. मग चार घड्या घातल्या. संध्याकाळी पेटी रिकामी करायची जबाबदारी सोबतीची, म्हणजे माझी. उलटी केली तर पाचच चिठ्ठ्या पडल्या. नसलेली सहावी माझीच होती, म्हणून मी जास्त चौकशी केली नाही. ती आत पत्र्याच्या दुमडीत अडकून होती.

पुढच्या बुधवारी पेटी हलवताना ती सुटली आणि मॅडमच्या हातात पडली. त्यांनी मला बोलावलं. चेहरा उतरला होता. गेल्या वर्षी एक मुलगी अशीच मधूनच निघून गेली आणि तिची कॉलेजातली जागा गेली (सहा आठवडे पुरे केले नाहीत तर जागा राहत नाही, असा इथला नियम आहे). चौदा जणींतली कोण ते शोधा, म्हणाल्या, तुमचं शिक्षण तांत्रिक आहे. त्या क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. मी विचारलं, "मुदत किती?"

आत्या, मी माझ्याच चिठ्ठीचा चार दिवस तपास केला. चांगला केला, हे जास्त लाजिरवाणं आहे. चादरींची नोंद करायची या सबबीवर प्रत्येक खोलीत गेले, अक्षराचे नमुने घेतले, चौदा ओळी आणि सात रकान्यांचा तक्ता केला. एकीने आल्यापासून बॅग उघडलेली नव्हती. दुसरी न्हाणीघरात नळ सोडून आईशी फोनवर बोलायची. एकीने भिंतीवर बेचाळीस चौकोन काढून आठ खोडले होते. नववा चौकोन माझ्यासमोर खोडून तिने मला विचारलं, "ताई, तुम्हीपण मोजता का?" मी चादरी मोजते असं सांगितलं. शनिवारपर्यंत तक्त्यावरून निघालेला निष्कर्ष असा की चौदापैकी अकरा जणींना घरी जायचं आहे आणि चिठ्ठी त्यांतल्या कुणाचीच नाही.

मॅडमना दम निघेना. त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की जिने लिहिली तिने समजाताईंना सांगावं, तिला कुणी बोलणार नाही, तिच्या वडिलांना बोलावून सन्मानाने घरी पाठवू. आणि आज जेवणानंतर किल्लीवाल्याची मुलगी माझ्या दारात उभी राहिली. बॅग न उघडलेली ती हीच. वडील रस्त्याच्या कडेला टेबल टाकून किल्ल्या बनवतात. त्यांच्या घरातून कॉलेजात जाणारी ही पहिली.

"ती चिठ्ठी मी लिहिली," ती म्हणाली.

तिच्या अक्षराचा नमुना माझ्या पॅडवर होता. तू नाही लिहिलीस, असं मी म्हणाले.

"समजा, मी लिहिली."

मग तिने ते नीट मांडून दाखवलं. बाबांना स्वतःच्या तोंडाने "मला भीती वाटते" म्हणणं तिला जमणार नाही. बाबा काही बोलणार नाहीत, नुसती कानस हातात घेतील आणि दिवसभर घासत बसतील. चिठ्ठी आयतीच लिहिलेली आहे, तीच सांगेल. तिचं काम होईल, माझा तपास पुरा होईल, नुकसान कुणाचंच नाही. मी तिच्या मांडणीत चूक शोधत होते आणि सापडत नव्हती. मी गप्प राहिले असते तर सुटले असते, आणि तिची जागा गेली असती. मी जवळजवळ एक मिनिट गप्प राहिलेही. हे तुलाच सांगते आहे.

मग मी म्हणाले, "ती मी लिहिली."

"सिद्ध करा."

मी डाव्या हातात पेन घेऊन तेच वाक्य लिहिलं. तिने बघितलं. चिठ्ठी मॅडमनी सगळ्यांना दाखवली होती. "नाश्त्यामधलं जोडाक्षर तसंच गंडलंय," ती म्हणाली आणि दाराला टेकून खालीच बसली. तिथूनच तिने विचारलं, मग सोमवारी गेला का नाहीत?

गेले होते, आत्या. नाश्त्यानंतर, सामान घेऊन, फाटकापर्यंत. तिथे पहारेकऱ्याचं रजिस्टर आहे आणि त्यात "बाहेर जाण्याचं कारण" असा रकाना आहे. मी बारा मिनिटं उभी होते. "भीती" लिहिणं शक्य नव्हतं आणि दुसरं अचूक कारण सुचेना. मागे दूधवाला खोळंबला होता. म्हणून परत आले.

ती हसली नाही. मॅडमना कोण सांगणार, एवढंच विचारलं. मी म्हटलं, मी, चार वाजता. ती आत्ता माझ्या शेजारी बसली आहे. पायाशी बॅग आहे. मी काय लिहिते ते वाचत नाही असं दाखवते आहे. चारला दोन मिनिटं कमी आहेत. नाडी मोजणं बंद केलं आहे.

तुझी,
भाची

ता. क. अर्जात "तातडीच्या प्रसंगी संपर्क" या ओळीवर बाबांऐवजी तुझा नंबर दिला आहे. मॅडमचा फोन आला तर मी लहानपणापासून अशी नव्हते, असं सांग. जमलं तर.

ता. क. दुसरा. जाऊन आले. मॅडम रागावल्या नाहीत; रागावतील याची मी तयारी केली होती. त्यांनी तक्ता पूर्ण वाचला, दोनदा. मग म्हणाल्या, येत्या शनिवारी मुलींचे पालक येणार आहेत, तेव्हा त्या मुलीला सांगितलंत तेच हॉलमध्ये सगळ्यांना सांगा. सात मिनिटं. मी म्हणाले, मला घालवून दिलं तरी चालेल. त्या म्हणाल्या, नाही चालणार. बाहेर आल्यावर किल्लीवाल्याच्या मुलीला हे सांगितलं. तिने बॅग उचलली आणि जिना चढायला लागली. अर्ध्यावर थांबून म्हणाली, "शनिवारी बाबांसमोर ऐकते. मग ठरवते." बॅग अजून उघडलेली नाही.

ता. क. तिसरा, आणि हे पत्र यासाठीच आहे. आम्हालाही घरचं एक माणूस बोलावता येतं. हॉलला एकवीस पायऱ्या आहेत, प्रत्येकी सोळा सेंटीमीटर, उजवीकडे कठडा; सगळ्या मोजून आले आहे. त्यासाठी गुडघा पंच्याऐंशी अंश वाकला तरी पुरे. ये. तिसऱ्या रांगेत बस. मान डोलावू नकोस, मला रडू येतं. आणि मी पायऱ्यांच्या पायथ्याशी तुला घ्यायला आले नाही, तर पायऱ्या चढूच नकोस. सरळ फाटकाशी जा. मी रजिस्टरापाशी असेन, कारण सुचत नसेल. मला आत घेऊन ये.