लाभाची अपेक्षा न धरता

सोइन्तुला,
११ मार्च १९९४

प्रिय हिल्या आत्यास,
सा. न. वि. वि.

माझं आयुष्य परवा दुपारी बदललं. दार उघडलं, तर हिरवे गमबूट घातलेली सिर्का उभी. आपल्या बेटासमोर, पोर्ट मॅकनीलला ती एका वकिलाच्या कचेरीत काम करते. वाटलं, आली एकदाची. तर तिने माझं पूर्ण नाव विचारलं, जशी काही बालवाडीपासून ओळखतच नाही, आणि कोर्टाचे कागद हातात ठेवले.

वकिलांच्या संस्थेने माझ्याविरुद्ध मनाई हुकूम मागितलाय. म्हणे मी वकील नसताना पैसे घेऊन लोकांना मृत्युपत्रं, करारनामे लिहून देतो. देतोच. लॉ कॉलेज अर्ध्यात सोडलं, डोकं तिथे ठेवून नाही आलो. मी लढणार.

जाताना तिने वळून पाहिलं. याचा अर्थ काय असेल? लवकर कळव, नाहीतर मी काहीतरी करून बसेन.

तुझा रेयो


व्हँकूवर,
१८ मार्च

चि. रेयो यास,
अनेक आशीर्वाद.

कोर्टाची पाळी आली तरी तुला गमबुटांचा रंग आठवतो, धन्य आहे. तिने वळून पाहिलं कारण तुझा कुत्रा मागे लागला असणार.

आता न चिडता वाच. लेंपीबाईंच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून तू त्यांच्याच लेकाची सही घेतलीस. साक्षीदाराला त्यातलं काही मिळत नाही, हे बहुधा तू कॉलेज सोडल्यावर शिकवलं असेल. बाई गेल्या. शेवटपर्यंत त्यांना सांभाळणाऱ्या त्या मुलाच्या नावे ठेवलेलं घर आता सगळ्या भावंडांत वाटलं जाणार. त्याचं पत्र आलंय मला. तुला एक शिवी नाही त्यात.

हुकूम मुकाट मान्य कर. रागावलास तरी जेवत जा.

तुझी आत्या


सोइन्तुला,
२० एप्रिल

प्रिय आत्यास,
सा. न. वि. वि.

हुकूम मान्य केला. लेंपीबाईंच्या लेकाकडेही जाऊन आलो. त्याने बसायला खुर्ची दिली, त्याचाच जास्त त्रास झाला.

हुकूम असा, की मोबदला किंवा कसलाही लाभ घेऊन, किंवा तशी अपेक्षा धरून, दुसऱ्याचं कायद्याचं काम करायचं नाही. मोडला तर तुरुंग.

पण ऐक. सिर्काचे वडील, आर्वोकाका, यांची बोट दुरुस्तीवाल्याने बिलाच्या भांडणात अडकवलीय, वर दावा लावलाय. त्याचा वकील म्हणजे सिर्काचाच साहेब, त्यामुळे तिचे हात बांधलेले. बोट सुटली नाही तर काकांचा मासेमारीचा हंगाम बुडाला. काका म्हणाले, दाव्याला उत्तर तू लिही. मी फुकट लिहिणार. फुकटाला मनाई नाही. देवच पावला बघ.

आनंदात असलेला,
रेयो


व्हँकूवर,
२६ एप्रिल

चि. रेयो यास,
अनेक आशीर्वाद.

फुकट? जज्जसाहेब विचारतील, बाळा, अपेक्षा कशाची होती? खोटं बोललास की तुझे कान लाल होतात. भर कोर्टात सिर्काला मागणी घालशील आणि वर आत जाशील. शिवाय चुकलास तर बोट काकांची जाईल, तुझी नाही.

पोर्ट हार्डीला गुरुवारी फुकट सल्ला देणारे वकील बसतात, मी चौकशी केलीय. पत्ता सोबत धाडते. माया कमी झालेली नाही, अक्कल मात्र तुझी तूच वाढव.

तुझी आत्या


सोइन्तुला,
४ मे

प्रिय आत्यास,
सा. न. वि. वि.

सप्टेंबरपासून परत घ्या म्हणून कॉलेजला लिहिलंय. हसू नकोस. तुझ्याकडची खोली तेवढी रिकामी ठेव.

काल आर्वोकाकांकडे गेलो. कागद, पेन मांडूनच ठेवलं होतं. सिर्का पाठमोरी भांडी घासत होती. काका म्हणाले, बोट सोडवलीस तर या घराला तुझ्याइतकं जवळचं दुसरं कोण. भांड्यांचा आवाज थांबला. एवढंच तर ऐकायचं होतं मला, आणि नेमकं तेव्हाच पेन खाली ठेवावं लागलं.

मला लिहिता येणार नाही म्हटल्यावर काकांनी विचारलं, पैसे हवेत का. म्हटलं, पैसे नकोत, तीच अडचण आहे. ते गोंधळले. सिर्काने न वळता विचारलं, की मग नक्की काय हवंय. मी म्हटलं, बोट दुसऱ्या कुणी सोडवली की सांगेन. पोर्ट हार्डीचा पत्ता दिला, गुरुवारी माझ्या गाडीने नेतो म्हणालो. ती म्हणाली, गाडी मी चालवेन, कोर्टाला उगाच संशय नको.

निघताना काकांनी घरचा गोड पाव कागदात बांधून हातात दिला. मी तो टेबलावर परत ठेवला. सिर्का आता उघड हसत होती. मी बाहेर पडलो आणि दार लावून घेतलं.

रेयो