कथील रडेना

३ नोव्हेंबर
कथील रडलं नाही!
मेहुण्याने नव्या लगडी पाठवल्या. रिवाजाप्रमाणे एकीची कांडी ओतली, गार झाल्यावर कानाशी धरून वाकवली. शुद्ध कथील वाकवताना बारीक करकरतं – आमच्या धंद्यात त्याला रडणं म्हणतात. शिसं मिसळलं की ते मुकं होतं. ही परीक्षा माझीच. कारखाना उभा राहिला तो या दोन कानांवर. कांडी गप्प.
भांड्यांना आतून हेच चढवतो. लोक त्यात शिजवून खातात. शिसं म्हणजे विष!

४ नोव्हेंबर
मेहुण्याला तोंडावर विचारलं. म्हणाला, भावजी, तुमच्यावाचून मला गिऱ्हाईक कोण? मी माझ्याच पायावर धोंडा मारून घेईन का?
शनिवारपर्यंत मुदत दिली. मग माल बंद. म्हणजे त्याचं दुकानही बंद – कळतंय मला.
बायको ताट वाढते. लगेच आत निघून जाते. भाऊ तिचा.

५ नोव्हेंबर
कांडी कागदावर घासली. शिसं पेन्सिलीसारखी काळी रेघ ओढतं. हिची रेघ जवळपास नाहीच. चमत्कारिक!

६ नोव्हेंबर
आज वितळवलं. शिशाची भेसळ थिजताना आधी चिखल होतो. हे पातळ, पातळ – आणि एकदम घट्ट! वर आरशासारखी चकाकी. बघतच राहिलो.
नखाने ओरखडा उठावा इतका मऊ धातू, पण आत म्हणे स्फटिकांच्या चवडी रचलेल्या. वाकवलं की त्या एकमेकींवर सरकतात, तेच रडणं. मग चवडी आहेत, तर आवाज गेला कुठे?
भट्टीवरचा म्हातारा कारागीर म्हणाला, मालक, रडून रडून घसा बसला असेल बिचाऱ्याचा.

७ नोव्हेंबर
शिसं जड. म्हणून एकाच साच्यातल्या जुन्या-नव्या कांड्या तराजूत घातल्या. काटा मध्यावर!
सगळ्या परीक्षांत कथील पास. फक्त माझ्याच परीक्षेत नापास. धातूही हट्टी असतो की काय?

८ नोव्हेंबर, शनिवार
मेहुणा यायच्या आत घरीच एक कांडी वाकवली, पार कानाला टेकवून. गप्प.
खोलीच्या पलीकडे बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “अहो, ते करकरणं बंद करा. दात शिवशिवतात.”