चंद्राचं कडवं

बुवा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी चंद्राच्या कडव्याबद्दल तुमच्याशी बोलायचं राहूनच गेलंय. शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जबाबाच्या सामन्यात शक्तीवाल्यांनी सवाल टाकला होता, चंद्र झिजतो कशानं, आणि तुऱ्याचे शाहीर म्हणून जबाब तुम्हाला द्यायचा होता. पडवीत बसून तुम्ही तुमच्या गुरूंचं जुनं कडवं मला म्हणून दाखवलंत: चंद्र अर्धा उजळलेलाच असतो, आपल्याला तो कधी समोरून दिसतो, कधी कुशीवरून. मी नुकताच डी.एड. करून शाळेत लागलेलो, अंगात मास्तरकी मावत नव्हती. हसून म्हटलं, "बुवा, हे जुनं झालं. पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र झिजतो. विज्ञान आहे हे." तुमच्या मंडळी, आमच्या काकी, चुलीपाशी होत्या, तिथूनच ओरडल्या, "गुरूचा शबूद मोडू नका हो!" तुम्ही त्यांनाच गप्प केलंत. "गाणं काय देवानं लिवलान नाय. मास्तर शिकलेला हाय. त्याचं खरं असंल तर बदलायला नको?" आणि तिथल्या तिथे वहीत जुनी ओळ खोडून सावलीची ओळ लिहिलीत. चालीत इतकी चपखल बसली की मीच खूश झालो.

पुढे चार वर्षांनी, एका अष्टमीच्या दुपारी, मी सहावीला हेच शिकवतोय. एक मुलगी खिडकीबाहेर बोट दाखवते. "गुरुजी, सूर्य तिकडं, चंद्र इकडं, दोघंपण दिसतायत. मग आपली सावली पडली कुठनं?" मी खडू ठेवून खिडकीशी जातो आणि दोघांकडे बघतो. सावली ग्रहणात पडते; रोजच्या चंद्राला तुमच्या गुरूंचं कडवंच बरोबर होतं. तेव्हा तुम्ही होतात, बुवा. घर शाळेपासून हाकेवर. दोनदा तुमच्या कुंपणाच्या फाटकापर्यंत, बेड्यापर्यंत, आलो आणि माघारी फिरलो. त्याच साली भातकापणीत तुम्ही गेलात.

आता तुमचा नातू शाहीर आहे. कडवं मोबाइलवरून पार गुहागर-मंडणगडपर्यंत पोचलंय. माझ्या वर्गातली पोरंसुद्धा परीक्षेत सावलीच लिहायची. परवा धीर करून त्याला म्हटलं, "अरे, ती ओळ चुकीची आहे, बदल." तर वाकून पाया पडला माझ्या! "काका, बुवांचा शबूद हाय तो. परंपरा हाय. हात नाय लावायचा." तुम्ही एका सकाळीत जे केलंत ते याच्या हातून जन्मात व्हायचं नाही, आणि तेही तुमच्यावरच्या भक्तीपोटी. कपाळ माझं! शास्त्र काय, काव्य काय, तत्त्वज्ञान काय, चूक खोडणारा माणूस गेला की मागचे तिलाच हळदकुंकू वाहतात. मला तर यातून खरं काही टिकेल असं वाटत नाही. जुन्या कडव्याचे शब्द आता कुणालाच येत नाहीत. मलाही अर्थ तेवढा आठवतो.

हे पत्र नातवाच्या हातात ठेवलं तरी पुरे होतं. ती ओळ तुमची नव्हे, माझी, हे कळलं तर आत्ता खोडेल तो. पण नाही देणार मी. परवा पाया पडून उठताना त्यानं विचारलं, "पण बुवा चुकले कसे?" तर मी म्हणालो, "जुन्या काळचा माणूस तो, त्याला विज्ञान कुठलं ठाऊक."