एक ठोका, दोन ठोके

४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. तूही बरी असशील असं धरून चालतो, कारण तू स्वतःहून काही कळवत नाहीस. पत्र पाहून दचकू नकोस. फोन केला की बाबा हातातलं काम टाकून शेजारच्या खुर्चीत येऊन बसतात, त्यांचा खोकला तुझ्या कानावर पडला की तुला नेमकं वॉर्डात कुणीतरी बोलावतं, आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून कागद काळे करतोय.

तर पहिली गोष्ट. भोपळे पाठवणं थांबव.

हात जोडून सांगतो. तुझ्या हॉस्पिटलसमोरच्या बाजारात हंगामाची भाजी ताजी मिळते, मान्य. पानगळीच्या दिवसांत जे पिकतं तेच या दिवसांत पोटाला मानवतं, हेही तू बाबांच्या पथ्याच्या तक्त्याच्या डोक्यावर लाल शाईनं लिहून ठेवलं आहेस. पण दर पंधरवड्याला दोन लाल भोपळे, आठ बीट, रताळी, गाजरं, एक कोबीचा गड्डा आणि वर सफरचंदं, हे घरात दोन माणसं असताना? बिटामुळे माझी बोटं इतकी लाल असतात की परवा माझ्या चष्म्यांच्या दुकानात एका बाईंनी चष्मा बाजूला ठेवून आधी मला मलमपट्टी करून घ्यायला सांगितलं. एक भोपळा मी मागच्या दाराला अडसर म्हणून लावून ठेवलाय. तिथे तो चांगलं काम करतो.

तुझा तक्ता फ्रिजवर आहे. सोमवारी भोपळ्याचं सूप, साय नको. मंगळवारी भाजलेलं बीट. बुधवारी गाजर आणि कोबी, वाफवून. गुरुवारी पुन्हा भोपळा, जणू सोमवारी तो कुणाला पुरला नव्हता. तेल दोन चमचे, मीठ पाव चमचा, चवीला आलं, लिंबू आणि मिरी. मी दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा धरून "आता नीट दिसतंय, की आधीचं बरं होतं?" असं विचारतो, आणि घरी येऊन पातेल्यापुढे उभा राहून तेच विचारतो. दुकानात निदान उत्तर तरी मिळतं.

घरात मिळतो तो ठोका. विसरली नसशीलच. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात बाबांच्या ज्या ठोक्यावर दोनशे पोरांची ताटं वाढली जायची, तोच आपल्याही घरात. पळीतला थेंब तळहातावर, तळहातावरून जिभेवर, आणि मग पळी पातेल्याच्या काठावर. दोन ठोके म्हणजे वाढा. एक ठोका म्हणजे काहीतरी कमी आहे, पुन्हा बघा. आईलासुद्धा सूट नव्हती. ते आता रिटायर झाले, हृदयाचं दुखणं झालं, पळी माझ्या हातात आली, पण ठोका काही त्यांनी सोडला नाही. आणि तुझा तक्ता आल्यापासून अडीच महिन्यांत मला एकदाही दोन ठोके मिळालेले नाहीत.

रोज एक. रोज तेच दोन शब्द. "मीठ कमी."

अगं, मीठ कमी आहे हे मलाही ठाऊक आहे! मीठ कमी असावं म्हणूनच तर हा सगळा खटाटोप चाललाय! मी भोपळा भाजून बघितला, वाफवून बघितला, सफरचंदाबरोबर शिजवला, वर अक्रोड कुटून टाकले, आलं किसता किसता बोट सोलून घेतलं. ठोका एकच. माझ्या नाकी नऊ आलेत.

एक मात्र आहे, जेवतात मुकाट्यानं. वाटी स्वच्छ करतात. आणि जन्मभर मुठीनं मीठ टाकणारा हा माणूस आता मीठ घालायची वेळ आली की मापाचा चमचा मागतो. तुझ्या बोलण्यानं सुधारले असं मी धरून चाललोय.

मध्यंतरी बाबांचे पाय जरा सुजले होते. डॉक्टरांना दाखवलं, सूज उतरली. विशेष काही नाही.

तू कधी येतेस ते विचारत नाही. तेही विचारत नाहीत. खोकं आलं की सगळी भाजी बाहेर काढतात आणि तळाला घातलेला कागद उलटून बघतात, एवढंच.

तुझा,
बारक्या


१३ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. "पाय का सुजले? मीठ मोजून घातलंस का? डॉक्टर काय म्हणाले? खरं लिही." नमस्कार नाही, चमत्कार नाही. पेशंटच्या कागदावर यापेक्षा जास्त लिहीत असशील.

खरं लिहितो. चूक माझी आहे.

पाय सुजण्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, दुकानात सकाळपासून एका गिऱ्हाईकानं डोकं खाल्लं होतं. घरी आलो, भोपळा चिरला, शिजवला, घोटला, आणि मनात म्हटलं, आज दोन ठोके घेतल्याशिवाय हटणार नाही. तक्ता गेला खड्ड्यात. मोठा चमचा भरून मीठ टाकलं. तेवढ्यात शेजारच्या शिक्षिकाबाई शिडी मागायला आल्या. शिडी देऊन परत आलो तो डोक्यात राग तसाच, आणि आधी घातलेलं विसरून पुन्हा एक चमचा टाकला.

बाबांनी तळहातावर थेंब घेतला. जीभ लावली. एक ठोका. "मीठ कमी."

आणि वाटी भरून घेऊन शांतपणे प्यायले, ताई. सगळी. मी चिडून उभाच होतो. त्यांची वाटी रिकामी झाल्यावर मी चमचाभर तोंडात घातलं आणि तसाच मोरीकडे धावलो. ते माणसानं गिळण्यासारखं नव्हतं.

माझ्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ यायचे. समोरच्या पाटीवरची अक्षरं धाडधाड वाचायचे, एक चूक नाही. एकदा मी पाटी बदलली, तर त्यांनी जुन्याच पाटीवरची अक्षरं म्हणून दाखवली. पाठ केली होती. दिसत नाही हे कुणाला कळू नये म्हणून. मोरीपाशी उभ्या उभ्या मला ते आठवले.

मी विचारलं, "बाबा, हे तुम्हाला कमी लागलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "का रे? जास्त झालंय का?"

गेल्या हिवाळ्यात त्यांना तो लांबलेला ताप आला होता ना, तेव्हापासून चवच लागत नाही. गोड नाही, खारट नाही, वासही नाही. काही काही नाही. दहा महिने हा माणूस माझ्यासमोर बसून कागद चावल्यासारखं जेवतोय आणि मला ताकास तूर लागू दिली नाही. रोज तळहातावर थेंब घेण्याचं नाटक. तुझा तक्ता आल्यावर तर सोयच झाली, काहीही पुढे आलं तरी "मीठ कमी" म्हटलं की भागतं. आणि ते मापाचे चमचे! म्हणे सुधारले.

मी ओरडलो. खोटं कशाला बोलू, बापावर ओरडलो. "सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगू?" म्हणाले. "चाळीस वर्षं लोकांना जेवू घातलं त्याची जीभ गेली, असं? तुला सांगू? की मोठीला?"

मग पळी पुसता पुसता त्यांनी विचारलं, "उन्हाळ्यात ती आली होती, तेव्हा मी केलं होतं ते… फार खारट होतं का रे?"

मी हो म्हणालो. काय म्हणणार होतो?

ताई, तुझ्यासाठी ते पहाटेपासून उभे होते. पहिल्या घासालाच तू ताट सरकवलंस. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय तरी मुद्दाम हट्टानं घालता, म्हणालीस. आईलाही असंच खाऊ घालून घालवलंत, म्हणालीस. आणि बॅग उचलून निघून गेलीस. त्यांनी मुद्दाम घातलं नव्हतं. त्यांना कळलंच नव्हतं. ते त्यांनी हातानं, अंदाजानं, घाबरत घाबरत केलेलं जेवण होतं.

मी त्यांना म्हटलं, मग त्याच वेळी बोलायचं होतंत. तर म्हणाले, "हट्टी म्हणाली, म्हणू दे. हट्टी तर मी आहेच."

डॉक्टर म्हणतात, तापानंतर काहींची चव जाते, काहींची परत येते, वाट बघायची. दुसऱ्या दिवशी सुजलेले पाय त्या सुपाचे. हे तुला कळवायचं नाही अशी शपथ मला घातली आहे. म्हणूनच मागच्या पत्रात काही ठाऊक नसल्यासारखं लिहिलं; आता ती मी मोडतोय. तुम्हा दोघांच्या मध्ये निरोप्या होऊन मी कंटाळलोय. एकानं बोलायचं नाही, दुसरीनं ऐकायचं नाही, आणि मी आपला भोपळे चिरतोय!

आणि एक. तू आईचं ते बोललीस तेव्हा मी मान खाली घालून ताटाकडे बघत होतो. तुला थांबवलं नाही. कारण मनात मीही तेच म्हणत होतो. तू तोंडानं म्हणालीस, एवढाच फरक. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तुला सांगतोय.

तुझा,
बारक्या


२२ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुझं उत्तर नाही. खोकं मात्र काल आलं. एकही भोपळा नाही, आभारी आहे. नवा तक्ताही नाही. बाबांनी सफरचंदं काढली, नासपती काढल्या, तळाचा कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला आणि घडी घालून ठेवून दिला. मला तुझा इतका राग आला म्हणून सांगू!

मी शपथ मोडली हे त्यांना सांगून टाकलं. दोन दिवस माझ्याशी अबोला. तिसऱ्या दिवशी दुकानातून आलो तर मागचं दार वाऱ्यानं आपटत होतं. अडसराचा भोपळा जागेवर नव्हता. तो ओट्यावर होता, आणि बाबा सुरी परजून त्याच्यासमोर.

भोपळ्याच्या फोडी भाजल्या, सफरचंद घातलं, आलं, अक्रोड. मीठ पाव चमचा, वर बोट फिरवून सपाट केलेला. तेल दोन चमचे. सगळं डोळ्यांनी आणि हातांनी.  शिजल्यावर त्यांनी पळी माझ्यापुढे धरली.

"घे. ठोका दे."

ताई, एवढ्या वर्षांत ती पळी त्यांनी ठोक्यासाठी कुणाच्या हातात दिली नव्हती. मी तळहातावर थेंब घेतला, चाखला. दोन द्यावेत असं फार मनात आलं. पण खोटं बोलण्याचा मला वीट आलाय. एकच दिला.

"काय कमी आहे?"

"सांगता येत नाही. काहीतरी."

"काहीतरी म्हणजे? काचा घासून घासून जिभेलाही काच बसली का तुझ्या? आंबट कमी? तिखट कमी? नीट सांग की गाढवा!"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो जुना आवाज निघाला, ज्याला अख्खं वसतिगृह घाबरायचं. मला शिव्या बसत होत्या आणि मला बरं वाटत होतं. लिंबू पिळलं. एक ठोका. मिरी घातली. एक ठोका. पाच वेळा चाखलं, पाचही वेळा एकच. शेवटी त्यांनी झाकण ठेवलं आणि खुर्चीत बसले.

"तुझं काम नाही हे. जीभ मोठीची. सहा वर्षांची होती तेव्हा म्हणाली होती, बाबा, मिरी भाजली नाहीत. आणि खरंच भाजली नव्हती मी. कंटाळा केला होता."

थोड्या वेळानं म्हणाले, "पत्र लिहितोस ना तिला? लिही, त्या दिवशीचं जेवण खारट होतं. तिचं बरोबर होतं."

मी म्हटलं, आणखी?

"आणखी काही नको. बाकीचं ती आल्यावर बघू." मग स्वतःच म्हणाले, "आली तर."

मिरी भाजलेली नव्हती, ताई. मी आत्ता हे लिहिता लिहिता उठून डबा बघून आलो. कच्चीच कुटलेली आहे. माझ्या लक्षात आलं नाही, त्यांना कळायचा मार्ग नाही. तुला पहिल्याच थेंबाला कळलं असतं.

डब्याला मी हात लावणार नाही. त्यांनाही सांगणार नाही. ते तू येऊन सांग.

खोकं नको पाठवूस या वेळी, तूच ये. ड्युटी बदलून मिळत नसेल आणि खोकंच पाठवावं लागलं, तर तळाच्या कागदावर त्यांच्या नावानं दोन ओळी लिही. बारीक अक्षरात लिहिलंस तरी चालेल. त्यांच्या चष्म्याचा नंबर मी कालच बदलून दिलाय.

एक ठोका देऊन तुझी वाट बघणारा,
बारक्या